डागडुजी होऊ द्या, पण उपासना थांबवू नका

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की नागपुरातल्या सदर भागापासून कामठी छावणीपर्यंतच्या जुन्या चर्चची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. ती पाहून बरे वाटते. आमच्या चर्चला मात्र यंदा कुलूप आहे. पावसाळ्यात छत गळले, भिंतींना ओल आली, म्हणून कमिटीने डागडुजी काढली. ती करायलाच हवी होती. पण काम पुरे होईपर्यंत आत उपासना होणार नाही, अशी पाटी फाटकावर लागली आहे. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, आता एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जमते. जिना चढवत नाही म्हणून म्हातारी माणसे येईनाशी झाली. बुधवारची प्रार्थनासभा तर कुणी बंद न करताच बंद पडली.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या कथा आहेत, आणि त्यांतला क्रम आपण नीट पाहिला पाहिजे. इराणच्या कोरेश राजाने बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून यहुद्यांना परत जाऊ दिले, तेव्हा यरुशलेमातले मंदिर पडून जवळपास पन्नास वर्षे झाली होती. परतलेल्या लोकांनी आधी काय केले? सातव्या महिन्यात सगळे एकत्र जमले, जुन्या जागेवर वेदी उभी केली आणि सकाळ-संध्याकाळ होमबली सुरू केले. आजूबाजूच्या लोकांचे भय होते, तरी केले. बायबलातल्या एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की तोवर मंदिराचा पायाही घातला नव्हता. गवंडी आणि सुतारांना पैसे दिले, देवदाराचे लाकूड समुद्रमार्गे याफो बंदराला मागवले, ते सारे त्यानंतर. पुढे बांधकाम अडले, वर्षानुवर्षे रखडले. इसवी सनपूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने लोकांना खडसावले की तुम्ही लाकडी तक्तपोशीच्या सजवलेल्या घरांत राहता आणि हे मंदिर ओसाड पडले आहे, तेव्हा काम पुन्हा हलले आणि ५१५ च्या सुमारास पुरे झाले. मंदिर होईल तेव्हा भक्ती करू असे म्हणत ते लोक बसले असते तर एक अख्खी पिढी वेदीविना वाढली असती.

त्याही आधीच्या, यहूदाच्या हिज्कीया राजाचेही तेच. त्याच्या बापाने, आहाजाने, मंदिराची दारे लावून घेतली होती, दिवे विझवले होते. हिज्कीयाने राज्यावर येताच पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दारे उघडली आणि तीच दुरुस्त केली. मग याजक स्वतः आत शिरले, आतली घाण त्यांनी अंगणात आणली आणि लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवकांनी, ती किद्रोन ओहोळापर्यंत वाहून नेली. सोळा दिवसांत मंदिर शुद्ध झाले. हे काम त्यांनी मजुरांवर सोडले नाही. माझ्या मते मंडळीचे नवजीवन इथेच सुरू झाले. रंगसफेदीने ते येत नाही.

आता बांधकामाविषयी. माझा जन्म चुना, वाळू आणि दगडात गेला, म्हणून अधिकाराने लिहितो. आमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. मागे कधीतरी त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि ओल आत कोंडली. परवा खिडकीखालचा एक पोपडा नखाने उचलला, तर मागचा चुना भिजल्या पिठासारखा हातात आला. तो सिमेंट खरवडून पुन्हा चुनाच भरायला हवा. चुन्याला घाई चालत नाही. पाणी मारत, सावलीत, सावकाश सुकवावा लागतो, म्हणून हे काम एकेक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, घेऊनच करतात. एका खणात परांची असताना बाकीचे खण मोकळे राहू शकतात. छताखाली काम चालू असेल तेवढा भाग पत्रे लावून बंद करावा. रविवारी गवंडी सुट्टीवर असतात. अख्खे चर्च बंद ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

खर्चाचा हिशेबही दर महिन्याला फाटकावर लागावा. यहूदाच्या योवाश राजाच्या काळी यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली होती आणि पैसे मोजताना राजाचा चिटणीस हजर असे. लोकांनी मग हात आखडला नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या आपापली जुनी वेगळी ओळख मागे ठेवून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. त्या शहरातल्या एका मंडळीला स्वतःच्या चर्चमध्ये दोन खण मोकळे करणे अवघड जाऊ नये.

कमिटीला विनंती आहे की आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून वेदीकडचा भाग उघडावा. शनिवारी संध्याकाळी पत्रे लावणे, बाके पुसणे, म्हाताऱ्यांसाठी बाजूच्या दारापाशी फळ्यांचा उतार करणे, हे सगळे मी आणि माझ्या ओळखीचे गवंडी एक पैसा न घेता करू. फक्त किल्ली कोणाकडे मागायची ते कळवावे.

– एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, नागपूर