आशियात बाँबच्या धाकाने युद्धे थांबली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट आला की हिरोशिमा-नागासाकीवर लेख येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते: बाँब भयंकर खराच, पण त्याच्या धाकामुळेच १९४५ नंतर मोठे युद्ध झाले नाही. आपल्याही अंकात ते अधूनमधून वाचायला मिळते. पॅरिस किंवा बॉनमध्ये राहणाऱ्या माणसाने असे म्हटले तर समजू शकते. त्याची पुढची चाळीस वर्षे खरोखरच लढाईविना गेली. पण सोलच्या, हनोईच्या किंवा द्रासच्या माणसाने हे का मान्य करावे? आशियाचा इतिहास या वाक्याच्या बाजूने साक्ष देत नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात कोरियापासून करतो, कारण आपल्याकडे या युद्धाबद्दल फार कमी लिहिले जाते. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात उतरले, तेव्हा अमेरिकेकडे अणुबाँब होते आणि पाच वर्षांपूर्वी ते वापरूनही झाले होते. चीनकडे एकही नव्हता. धाकाचा सिद्धांत खरा असता तर माओ त्या नदीच्या पलीकडेच थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. ३० नोव्हेंबर १९५० रोजी पत्रकारांनी विचारले तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी अणुबाँबच्या वापराचा विचार चालूच असतो, असे उत्तर दिले. त्यावर ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅटली इतके धास्तावले की काही दिवसांत स्वतः वॉशिंग्टनला जाऊन पोहोचले. एप्रिल १९५१ मध्ये अण्वस्त्रांसाठी सज्ज केलेली बी-२९ विमाने ग्वाम बेटावर पाठवलीही गेली. तरीही युद्ध चालूच राहिले. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली तोवर उत्तर कोरियातील शहरे साध्या बाँबनी आणि नापाम या आगलाव्या रसायनाने जवळपास सपाट झाली होती. शांतता करार तर आजही झालेला नाही.

इथे एक आठवण करून देतो. ९ आणि १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या एका रात्रीत टोकियोवर आगलावे बाँब टाकून सुमारे एक लाख माणसे मारली गेली होती, तीही अणुबाँबशिवाय. हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज साधारण १ लाख ४० हजारांचा आहे. म्हणजे नागरी वस्ती जाळण्याचा निर्णय आधीच झाला होता, पायंडा पडला होता. ६ ऑगस्टला फक्त विमाने कमी लागली. यामुळे अणुबाँबचा गुन्हा हलका होत नाही. उलट, किरणोत्सर्गाने पुढची कित्येक वर्षे माणसे मरत राहिली, हे टोकियोत घडले नव्हते. पण बाँबपूर्वीचे युद्ध आणि बाँबनंतरची शांतता अशी जी सरळ रेघ ओढली जाते, ती आशियाच्या नकाशावर कुठेच बसत नाही.

नंतरच्या घटना भराभर सांगतो. व्हिएतनाममध्ये अमेरिका अण्वस्त्रे बाळगून हरली. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला, तेव्हा इस्रायलकडे बाँब असल्याचा बोलबाला होताच. फेब्रुवारी १९७९ मध्ये अण्वस्त्रधारी चीन व्हिएतनाममध्ये घुसला आणि महिन्याभरात परत फिरला. आणि मार्च १९६९ मध्ये सोव्हिएत-चीन सीमेवरच्या उसुरी नदीतल्या एका छोट्या बेटावरून, चिनी त्याला झेनबाओ म्हणतात आणि रशियन दामान्स्की, सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. दोघांकडेही अण्वस्त्रे होती. दोन अण्वस्त्रधारी देशांच्या सैन्यांत समोरासमोर रक्त सांडले, ते पहिल्यांदा आशियात. दुसऱ्यांदाही आशियातच, कारगिलमध्ये.

कारगिलबद्दल आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बोलले जाते. एक म्हणतो, १९९८ च्या चाचण्यांमुळेच ते युद्ध पसरले नाही. दुसरा म्हणतो, त्या चाचण्यांमुळेच पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांना घुसखोरीचे धाडस झाले. आता भारत मोठा प्रतिहल्ला करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मला दुसरे म्हणणे जास्त पटते. २१ फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी आणि नवाझ शरीफ लाहोर घोषणापत्रावर सह्या करत होते, आणि डोंगरावरच्या घुसखोरीची आखणी त्या वेळी पूर्ण झालेली होती. बाँबने ती थांबवली नाही. युद्ध आटोक्यात राहिले ते हवाई दलाने नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, या सरकारच्या स्पष्ट आदेशामुळे. तो आदेश माणसांनी विचार करून दिला होता, आणि तो पाळताना सैन्याने किंमत मोजली. ५२७ जवान गेले. हे श्रेय बाँबला देणे मला त्या जवानांवर अन्याय वाटते.

बाँबच्या धाकाने आशियात खरोखर काय घडले असेल, तर ते एवढेच की एकाच्या बाँबने दुसऱ्याचा बाँब जन्माला घातला. कोरियातल्या आणि मग तैवानच्या सामुद्रधुनीतल्या धमक्या पचवल्यावर चीनने जानेवारी १९५५ मध्ये स्वतःचा अणुकार्यक्रम ठरवला. १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नूरला त्याची पहिली चाचणी झाली. दोनच वर्षे आधी चीनकडून पराभव पत्करलेल्या आपल्या देशात त्यानंतर काय चर्चा सुरू झाली, ते सांगायला नको. १९७४ चे पोखरण त्याच वाटेवर आहे. १९७१ चा पराभव झाल्यावर पाकिस्तानच्या भुत्तोंनी जानेवारी १९७२ मध्ये मुलतानला बाँबसाठी शास्त्रज्ञांची बैठक बोलावली, ती याच वाटेची पुढची पायरी. आज जगातल्या नऊ अण्वस्त्रधारी देशांपैकी पाच आशियात आहेत. रशियाचा मोठा भूभाग धरला तर सहा म्हणा.

मग या सगळ्यात मेले कोण, हाही प्रश्न लेखांतून नीट येत नाही. हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन होते. वसाहतीतून मजुरीला आणलेले, काही सक्तीने आणलेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले, पण शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ उजाडले. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा स्फोट केला, तेव्हा त्याची राख दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीतल्या तेवीस जणांवर पडली आणि त्यांच्यापैकी बोटीचा बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरमध्ये गेला. त्या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती, हेही आता फारसे कुणाला आठवत नाही.

आणि कझाकस्तान. सेमिपलातिन्स्कच्या माळावर १९४९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सरकारने ४५६ चाचण्या केल्या. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. आजूबाजूच्या गावांत गुरे राखणारे स्वतःच्याच देशाचे नागरिक होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह दूरचित्रवाणीवर कविता वाचायला गेले आणि कविता बाजूला ठेवून त्यांनी किरणोत्सर्गी वायूच्या गळतीबद्दल निवेदन वाचले. त्यातून लोकचळवळ उभी राहिली आणि २९ ऑगस्ट १९९१ ला ते चाचणीक्षेत्र बंद झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर वाट्याला आलेली १,४०० हून अधिक अण्वस्त्रे कझाकस्तानने १९९५ पर्यंत रशियाला परत पाठवली. आशियातल्या एका देशाने हातातला बाँब सोडला आणि त्यानंतर त्याच्यावर कुणी चाल करून आले नाही. धाकवाल्यांनी या उदाहरणाचे काय करायचे ते ठरवावे. (युक्रेननेही अशीच अण्वस्त्रे सोडली आणि पुढे रशियाने त्याच्यावर हल्ला केला, हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकले जाईल, याची कल्पना आहे. ते उदाहरण मजबूत आहे, हेही मान्य करतो.)

आता आपल्या वृत्तपत्राकडे येतो. भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला केला. त्यानुसार १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी नववर्षाच्या दिवशी दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, सीमेवर दोन्ही सैन्ये आमनेसामने उभी असतानाही, १ जानेवारी २००२ ला ती यादी दिली गेली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ लाही दिली गेली. मला हे बाँबच्या धाकापेक्षा भरवशाचे वाटते. मात्र ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि क्षेपणास्त्राच्या चाचणीला पहिले पान व रंगीत छायाचित्र मिळते.

क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देण्याचाही करार आहे, २००५ चा. पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन लक्ष्यावर कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रांपुरता आहे. विमानासारखी कमी उंचीवरून उडणारी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ ला आपले एक ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. सुदैवाने कुणी दगावले नाही, आणि चूक झाल्याचे आपल्या संरक्षण मंत्रालयाने ११ मार्चला जाहीर केले. मधले दोन दिवस समोरच्या माणसांनी संयम ठेवला, असे म्हणावे लागेल. त्यानंतर मे २०२५ मध्ये चार दिवस जी लढाई झाली तीत ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांचाच भडिमार होता, आणि ती थांबली ती १० मेला दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवरच्या बोलण्यानंतर.

तेव्हा विनंती अशी की, या ऑगस्टच्या विशेष पानावर धुराच्या छत्रीचे तेच छायाचित्र छापण्याऐवजी आपल्या संरक्षणविषयक प्रतिनिधीकडून एक लेख लिहून घ्यावा: २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रे का आली नाहीत, ड्रोनबद्दल दोन्ही देशांत काही लेखी ठरले आहे का, आणि मे २०२५ नंतर त्यावर कुठल्या पातळीवर बोलणे झाले.

आपला,
एक नियमित वाचक