द्रासचे स्मारक आणि मतदानाचा सोमवार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या २६ जुलैला (२०२४) कारगिल विजयाला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. गेल्या महिन्यात श्रीनगरहून कारगिलमार्गे लेहला जाण्याचा योग आला आणि नुकतीच पार पडलेली लोकसभा निवडणूक, १९९९चे युद्ध आणि आपल्या सुट्ट्यांच्या सहली या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणे भाग पडले. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

झोजीला ही खिंड ओलांडली की द्रासचे खोरे सुरू होते. महामार्गाला लागूनच, तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी लष्कराने युद्धस्मारक उभारले आहे. तिथे उभे राहून वर पाहिल्याशिवाय या युद्धाची कल्पना येत नाही. शत्रू माथ्यावर बसलेला, खाली त्याच्या थेट टप्प्यात श्रीनगर-लेह रस्ता, आणि आपल्या जवानांना त्या उघड्याबोडक्या उतारावरून, बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात, वर चढायचे होते. झाड नाही, आडोसा नाही. तोलोलिंग जूनच्या मध्याला हाती आले आणि टायगर हिल ४ जुलैला. भिंतीवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. ती वाचताना अनेकांच्या वयाचा अंदाज मनात येत होता आणि पुढे वाचवत नव्हते. माहिती सांगणाऱ्या जवानाचे बोलणे संपले तेव्हा आमच्यापैकी सर्वांनी घोषणा दिल्या. त्या मनापासूनच होत्या, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

त्यानंतर द्रासच्या बाजारात आम्ही चहाला थांबलो. चहा देणाऱ्या गृहस्थांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर शाईची खूण अजून ठळक होती. माझ्याही बोटावर ती होती. त्यांनी विचारले आणि लक्षात आले की आम्ही दोघांनी एकाच दिवशी, २० मे रोजी, मत दिले होते, कारण मुंबई-ठाण्याचे आणि लडाखचे मतदान एकाच टप्प्यात होते. युद्धाच्या वेळी ते शाळेत होते. बाजारावर तोफगोळे पडू लागले तेव्हा घर तसेच टाकून कुटुंबासह नातेवाइकांकडे जावे लागले, हे त्यांनी सांगितले आणि लगेच पुन्हा निवडणुकीकडे वळले. लडाखला आता विधानसभा नाही, खासदार एकच, मग ते एक मत तरी कसे सोडणार, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या गटातल्या काही जणांच्या नखांवर खूण नव्हती. त्यांना ते प्रश्न विचारतील की काय, या विचाराने मी संकोचून गेले होते.

लडाखमध्ये या वेळी सुमारे ७२ टक्के मतदान झाले. लेह जिल्ह्यातील वारशी या गावी एकाच कुटुंबातल्या पाच मतदारांसाठी केंद्र उभारण्यात आले होते. त्याच दिवशी आमच्या कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले आणि दक्षिण मुंबईतही तेच चित्र होते. कल्याणपुरते सांगायचे तर हीसुद्धा सुधारणाच म्हणायची, कारण २०१४ आणि २०१९ या दोन्ही निवडणुकांत येथे निम्मेही मतदान झाले नव्हते. हा दुर्गम भाग आणि शहर यांतला अपरिहार्य फरक आहे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच राज्यात गडचिरोली-चिमूरमध्ये नक्षलवादाच्या सावटाखाली, दुपारी तीनलाच मतदान संपणाऱ्या अनेक केंद्रांसह, लडाखइतकेच मतदान झाले आहे.

मतदान न करणारा प्रत्येक जण सहलीला गेला होता, असा आरोप मला करायचा नाही. यादीतून नाव गायब झालेले, उन्हात तासन् तास रांगेत उभे राहून कंटाळून परतलेले मतदार मी स्वतः पाहिले आहेत आणि त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. तरीही शनिवारी सकाळी आमच्या वसाहतीतून सामान भरून निघालेल्या गाड्याही मी पाहिल्या. शनिवार, रविवार आणि मतदानाचा सोमवार अशी जोडून सुट्टी आली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानासाठी दिलेली ही भरपगारी सुट्टी आहे. ती माथेरान किंवा अलिबागला घालवून आल्यावर ‘कोणीही आले तरी काय फरक पडतो’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा युद्धाशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध फार जवळचा आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, काही दिवसांत लोकसभा विसर्जित झाली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला घुसखोरीची पहिली खबर आली. ती आणली गारखोन गावच्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने, हरवलेला याक शोधता शोधता. म्हणजे पूर्ण युद्ध काळजीवाहू सरकारच्या काळात लढले गेले आणि देशात लोकसभा अस्तित्वात नव्हती. राज्यसभेचे विशेष अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणीही मान्य झाली नाही. इतके शत्रुसैनिक हिवाळ्यात आपल्या माथ्यांवर येऊन बसेपर्यंत आपल्याला कळले कसे नाही, जवानांकडे पुरेसे गरम कपडे आणि साधने का नव्हती, हे प्रश्न लोकसभेत विचारायला खासदारच नव्हते. युद्ध संपताच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली हे चांगलेच झाले, पण तिचा अहवाल येण्याआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मतदारांना आपला कौल द्यावा लागला. सैन्य कुठे पाठवायचे, त्याला काय पुरवायचे आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरवणारी माणसे आपणच निवडून देतो. म्हणून द्रासच्या भिंतीपुढे नतमस्तक होणारा माणूस मतदानाच्या दिवशी गैरहजर राहतो, तेव्हा त्या जवानांप्रति असलेले एक साधे कर्तव्य तो टाळतो, असे मला वाटते.

त्या काळी सीमेवरच्या जवानाची टपाली मतपत्रिका टपालाने जायची आणि टपालानेच परतायची, आणि उंचावरच्या ठाण्यांवरून ती वेळेत पोहोचणे कठीणच असे. आता ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते आणि तिथेच छापून घेता येते. परतीचा प्रवास मात्र अजूनही टपालानेच होतो. आपले केंद्र घरापासून दहा मिनिटांवर असते.

राजकीय पक्षांविषयी एवढेच सांगते की प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये बजावले आहे. विधानसभेच्या प्रचारात कारगिलची पंचविशी फलकांवर झळकू नये, याकडे आयोगाने आतापासूनच लक्ष द्यावे.

आयोगाला आणखी एक विनंती आहे. मुंबई-ठाण्यात २०१९ची लोकसभा, त्याच वर्षीची विधानसभा आणि यंदाची लोकसभा, तिन्ही मतदाने सोमवारी झाली. येत्या विधानसभेचे मतदान मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी ठेवावे. सहली आखणाऱ्या संस्थांनी मतदानाच्या तारखेवरून जाणाऱ्या सहली जाहीर करू नयेत आणि आधीच नोंदणी झालेल्यांना तारीख विनाशुल्क बदलून द्यावी. आपल्या वृत्तपत्रानेही आतापासून मतदार यादीत नाव कसे तपासावे आणि वगळलेले नाव पुन्हा कसे नोंदवावे, याची माहिती ठळकपणे द्यावी, म्हणजे मे महिन्यात केंद्रावरून हात हलवत परतलेल्यांवर ती वेळ पुन्हा येणार नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)