आधी रक्त घ्या, मग इंजेक्शन द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका. माझी मागणी एकच आहे. टायफॉइडचा संशय आला की अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, रक्त घ्यायची सोय कोकणातल्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात करा.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि माझा पुतण्या तापला. दुसऱ्याच दिवशी एका दवाखान्यात विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी झाली, ‘पॉझिटिव्ह’. ही तपासणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला आठवडाभर लागतो. दुसऱ्या दिवशीचं पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा मागच्या कुठल्या तरी संसर्गाची बाकी. पण निदान झालं, सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी ताप हटेना म्हणून औषध बदललं, मग आणखी एकदा. खरं तर योग्य औषध चालू असलं तरी हा ताप उतरायला चार-पाच दिवस घेतो. वॉर्डात नातेवाइकांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. घरच्या माणसाच्या वेळी मात्र मी गप्प राहिले.

बरं वाटलं तसा तो घरी आला, गोळ्या अर्ध्यावर सुटल्या. ताप पुन्हा चढला. १०३ ताप आणि नाडी मात्र त्या मानाने संथ, ८४, जीभ मधे पांढरी, कडा लाल. आमच्या आजीने बघूनच ‘मुदतीचा ताप’, म्हणजे टायफॉइड, म्हणून पेजेवर ठेवला असता. तिसऱ्या आठवड्यात पोट फळीसारखं कडक झालं. रात्रीच आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. लहान आतड्याच्या शेवटाला भोक, टायफॉइडची नेहमीची जागा. पोरगा वाचला. तिथे कल्चरही केलं, पण काही उगवलं नाही. तीन अँटिबायोटिकं आधीच अंगात मुरली होती.

कल्चर केलं की निदान होतंच असं नाही, साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू सापडतो. पण सापडला तर कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता बहुतेकांत चालत नाही. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन द्यावं लागतं, आणि तीही अशी अंदाजाने उडवत राहिलो तर किती दिवस पुरणार? त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया सगळे एकाच चेहऱ्याने येतात.

लागतं काय? मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त, कल्चरची बाटली आणि ती जिल्ह्याच्या लॅबला वेळेत नेणारी गाडी. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, हेही कुणीतरी शिकवायला हवं.

लसीचं म्हणाल तर याच कोकण विभागात नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची लस टोचून दाखवली आहे. आमच्या वाड्यांत जांभ्यातून शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत झिरपतं, पण ते पत्र पाणीपुरवठा खात्याला वेगळं लिहीन.

पुतण्याची विडालची चिठ्ठी अजून फायलीत आहे. हवी असल्यास पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका