तोंडी परीक्षेआधीची गोळी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तोंडी परीक्षेत हात थरथरतात, आवाज कापतो, म्हणून मैत्रिणीने प्रोप्रॅनोलॉल या हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्यांची पट्टी दिली आणि तू अर्धी गोळी घेऊन बघू का विचारतेस. घेऊ नकोस. तुला लहानपणापासून दमा आहे. नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

भीती वाटली की मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंकडे जातो. त्यांची टोकं हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर नॉरॲड्रेनालिन हे रसायन सोडतात. त्यांचाच एक फाटा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्याला पोचतो आणि तिथून ॲड्रेनालिन थेट रक्तात उतरतं. रक्तातलं हे ॲड्रेनालिन मेंदूत फारसं शिरत नाही. पण छातीतली धडधड मेंदूला कळते, आणि ती कळली की माणूस आणखी घाबरतो. प्रोप्रॅनोलॉल ही धडधड आणि थरथर दाबतं, म्हणून तुझ्या मैत्रिणीला बरं वाटत असणार. तिचं काही खोटं नाही.

आता तुझ्यापुरतं. ॲड्रेनालिन पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागांवर, बसून काम करतं त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 साली मांडले. अल्फामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून घाबरल्यावर हात गार पडतात. (चोंदलेल्या नाकात घालायचे थेंबही अल्फावरच चालतात.) बीटाचे पुन्हा प्रकार आहेत. बीटा-1 मुख्यतः हृदयावर, ठोके वाढवणारे. बीटा-2 श्वासनलिकांच्या स्नायूंवर, नळ्या सैल करणारे. ते हातापायांच्या स्नायूंवरही असतात. तुझ्या पंपातलं साल्ब्युटामॉल या बीटा-2 वरच बसतं. जास्त पफ घेतलेस की पेन धरताना बोटं थरथरतात ना? ती त्याचीच खूण.

जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं, हृदयरोग्यांसाठी ते वरदान ठरलं आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. औषध उत्तमच आहे. पण ते बीटा-1 आणि बीटा-2 दोन्ही अडवून धरतं. म्हणजे हृदय शांत होईल, पण श्वासनलिका आवळू शकतील. आणि त्यावर तू पंप ओढलास तरी साल्ब्युटामॉलला बसायला जागाच नसेल. एरवी हुकमी चालणारं औषध ऐन वेळी हात टेकेल, याची मला खरी भीती वाटते. तीव्र ॲलर्जीत मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शनही अशा वेळी कमी पडू शकतं. ‘फक्त हृदयावर चालणारी’ म्हणून दुसरी एखादी बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा अडवणारी गोळी, कुणी सुचवली, तर तीही आपल्या मनाने घेऊ नकोस. डोस वाढला की तो फरक पुसट होत जातो.

रक्तातलं ॲड्रेनालिन काही मिनिटांत मोडून जातं. पहिले एक-दोन प्रश्न थरथरत गेले तर जाऊ देत. आत जाण्याआधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो. एवढ्याने भागलं नाही तर तुझ्या दम्याच्या डॉक्टरांना आपण दोघी भेटू. तोवर पट्टी परत कर आणि मैत्रिणीला विचार, तिला ती कुणी लिहून दिली होती? दमा तिला नसेल, पण तिने आणखी कुणाला दिली असेल तर?

तुझी,
आई