रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या पत्रव्यवहारात दरवर्षी एक तरी पत्र येतंच. यंदाचं जरा जास्तच तिखट होतं. साहित्य नि तत्त्वज्ञान घेणारी पोरं म्हणजे आईबापांच्या पैशाला लागलेली वाळवी, असा त्याचा सूर. 'पोट भरल्यावरचे उद्योग' हे शब्द त्या सद्गृहस्थांनी दोनदा वापरलेत. त्यांच्याशी भांडायचं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात जे झालं तेवढं त्यांच्या कानावर घालावं म्हणून लिहितो.

आमचे आबा मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. पस्तीस वर्षं सौद्याला उभे. रंगावर भुलून दर वाढवणारा नवा खरेदीदार दिसला की ते गालात हसायचे. स्वतः रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडायचे, कणी बघायचे, बारीक खडा जिभेवर ठेवायचे आणि "खारवट रानातला हाय" नाहीतर "पावडर लई झालीया" म्हणून पुढच्या रव्याकडे वळायचे. गूळ पिवळाधमक दिसला की त्यांना आधी रंग आणणाऱ्या पावडरीचा संशय यायचा. आम्हालाही त्यांचं एकच सांगणं, "वरनं बघू नगं, फोडून बघ."

अशा माणसाला आम्ही अडीच महिने फसवलं. पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट आम्हा भावंडांना व्हरांड्यात दाखवला आणि आबांना सांगायचं नाही हे आम्ही हातातला चहा गार व्हायच्या आत ठरवून टाकलं. अल्सर आहे, महिनाभर पथ्य पाळायचं, झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जिन्यातच पढवून वर पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली) मी बी.ए.ला असताना टॉलस्टॉयचा 'इव्हान इलिच' वाचला होता. १८८६ सालची छोटी कादंबरी. त्यातला न्यायाधीश मरणाला टेकलाय आणि बायको, डॉक्टर, सोबती सगळे मिळून तो फक्त आजारी आहे असं नाटक करताहेत. दुखण्यापेक्षा त्याला ते नाटकच जास्त छळतं. एकटा गेरासिम नावाचा खेडवळ नोकर नाटकात नाही. मालकाला बरं वाटतं म्हणून तो रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसतो आणि मरण सगळ्यांनाच आहे हे सरळ बोलतो. परीक्षेत या गेरासिमवर मी दीड पान लिहिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा त्या बायकोच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. पुस्तकं वाचून माणूस चांगला होतो असं कुणी म्हणालं की म्हणूनच मी गप्प बसतो.

वॉर्डात रात्रपाळीला एक मावशी असायच्या. एकदा आबांनी त्यांना विचारलं, "मी बरा हुतोय न्हवं?" मी कॉटखाली चटईवर पडलो होतो, झोपलोय असं दोघांनाही वाटत होतं. मावशी काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ते मला न्हाई सांगता यायचं बाबा. पर रातभर मी हाय हितंच." आबा "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली. मला लागली नाही. ही बाई मी कुठेतरी वाचलीय, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मग स्वतःचीच समजूत घालायला मी महाभारताचा आधार शोधला. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. प्रसंगही बघण्यासारखा आहे. कर्णाकडून मार खाऊन आलेला धर्मराज वैतागून म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक; आणि असं बोलणाऱ्याला ठार मारायची अर्जुनाची शपथ. तो तलवार उपसून सख्ख्या थोरल्या भावावर धावलेला. तेव्हाची ही गोष्ट. कौशिक कधी खोटं न बोलणारा. दरोडेखोरांच्या भीतीनं माणसं रानात लपली, दरोडेखोरांनी यालाच विचारलं, यानं खरं ते सांगितलं. माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला. (अर्जुनाच्या शपथेवर कृष्णानं काढलेला तोडगा तर आपल्या कोल्हापुरातच सुचावा असा. थोरल्याला अरेतुरे केलं की तो मेल्यासारखाच, तेवढं कर आणि तलवार म्यान कर.)

बरोबर हाच पेच जर्मन तत्त्वज्ञ कान्टनं १७९७ साली मांडला आणि निकाल नेमका उलटा दिला. खुनी माणूस दारात येऊन तुझा मित्र घरात आहे का विचारत असेल, तरी खोटं बोलायचा हक्क तुला नाही. समोर वाद घालणारा फ्रेंच लेखक कॉन्स्तां. त्याचं म्हणणं, सत्यावर ज्याचा हक्क आहे त्याच्याशीच खरं बोलायला आपण बांधील असतो, आणि खुन्याला असा हक्क नसतो.

मी अर्थातच कृष्णाच्या आणि कॉन्स्तांच्या बाजूनं. जीव वाचवायला बोललेलं खोटं कसलं पाप! चार दिवस हे बरं चाललं. मग अंगाऱ्याची पुडी घेऊन महाद्वारातून पायी परत येताना मनात आलं, आमच्या गोष्टीत दरोडेखोर कोण? गाठ आबांच्या पोटातली, दिवस त्यांचे उरलेले, आणि लपवतोय कुणापासून तर त्यांच्याचपासून. या सत्यावर त्यांचा नाही तर कुणाचा हक्क? कान्टच्या हिशेबानं मी चुकीचा होतोच, कॉन्स्तांच्या हिशेबानंही चुकीचाच निघालो. रानात लपलेली माणसं आम्हीच होतो. आबांचा चेहरा बघावा लागू नये म्हणून लपलेली.

डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत म्हटलंय की आजाराचं गांभीर्य फुगवू नये, कमीही दाखवू नये. आणि रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना त्याची योग्य ती कल्पना असल्याची खात्री करावी. मधला तो 'किंवा' वाचा. आमचे अडीच महिने त्या एका 'किंवा'त बसले.

आणि सगळ्यांनाच ऐकायचं असतं असंही नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी डॉक्टरांना स्वतःच बजावलं होतं, मला काही सांगू नका, काय ते पोराला सांगा. तो त्यांचा निर्णय. आबांना आम्ही तेवढंही विचारलं नाही. कठोपनिषदातला नचिकेत मरणाबद्दल विचारतो तेव्हा खुद्द यम गाईगुरं, हत्तीघोडे, लांब आयुष्य देऊ करतो, पण तेवढं विचारू नकोस म्हणतो. यमालाही विषय बदलावासा वाटला. आम्ही आबांना शहाळं देत होतो.

शेवटी त्यांनीच विषय काढला. मी उशाशी बसून पेपर वाचून दाखवत होतो, गुळाचे दर आले तसे म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. मला फोडून सांग." मी सांगितलं. ते रडले नाहीत, मी रडलो. मग त्यांनी वही आणायला लावली आणि कुणाची किती उचल बाकी आहे ते तासभर लिहून घ्यायला लावलं. त्यात आम्हाला ठाऊक नसलेलं एक नाव होतं, पन्हाळ्याकडच्या एका गुळव्याचं. त्याचे चार हजार आबांकडेच राहिले होते. ते पोचवून आल्याचं सांगितलं तेव्हा ऐकण्याइतपत शुद्ध त्यांना होती. मी आणखी थोडा गप्प राहिलो असतो तर ते पैसे राहिलेच असते.

पत्र लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना एवढंच सांगायचंय की त्या अडीच महिन्यांत आमची पोटं अजिबात भरलेली नव्हती. मेसचा डबा परत जायचा. हे प्रश्न तेव्हाच आले, आणि ते विचारायला लागणारे शब्द माझ्याकडे होते ते त्या वाळवी लागलेल्या तीन वर्षांमुळे. वि. स. खांडेकर याच गावात राहून लिहीत होते. त्यांच्या 'ययाती'त बाप पोराकडे त्याचं तारुण्य मागतो. बापानं पोराकडे काय मागावं आणि पोरानं किती द्यावं यावर आमच्या कट्ट्यावर अजून वाद होतात. आबांनी तर नुसता स्वतःचा रिपोर्ट मागितला होता.

आईची तपासणी येत्या मंगळवारी आहे. निघेल ते कागद आधी तिच्याच हातात द्यायचे असं आम्ही ठरवलंय. धाकटा अजून कुरकुरतोय, "आईचं काळीज वेगळं असतं" म्हणतो. काल मी तिलाच विचारलं, तर म्हणाली, "आधी माझा चष्मा बदलून आणा, मग द्या कागद."

आपला,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर