जुने पॅड आधी जपून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाबद्दल लिहिताना रंग, क्रोम आणि इंजिन यांवर रकाने भरतात. डॅशबोर्डमागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) आतल्या अंगाला बसणाऱ्या पॅडचा मात्र उल्लेखही नसतो. इंजिनाची धग आणि घरघर पायांपर्यंत येऊ न देणे हे त्याचे काम. अनेक मॉडेल्ससाठी ते आता तयार मिळत नाही, बनवावेच लागते. आणि पहिली चूक तिथेच होते: जुने पॅड ओरबाडून कचऱ्यात जाते. त्याचे दहा तुकडे झालेले असले तरी कुठले भोक कुठे आणि केवढे, हे सांगणारा तोच खात्रीचा नमुना असतो. जागेवर असतानाच फोटो काढावेत, मग तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून कड आणि भोके आखून घ्यावीत. जाडी दबलेल्या जागी मोजू नये; क्लिपांपासून दूर, न दबलेल्या भागात मोजावी.

याला एकच अपवाद. काही जुन्या पॅडांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि ते नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. शंका असेल तर हात न लावता आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. कोरडे खरवडणे तर मुळीच नको. तसे निघाले तर ते जाणकाराकडून काढून घ्यावे आणि साचा उघड्या पत्र्यावरून कागदावर उतरवावा.

पत्रा उघडा झाला की लगेच नवे पॅड चिकटवण्याचा मोह होतो. त्याआधी वायपरखालच्या जाळीवर दहा मिनिटे पाणी सोडावे आणि आत टॉर्च घेऊन पाहावे. जुने पॅड बहुधा पाण्यानेच कुजलेले असते. गळती बंद करून, गंज काढून, एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) मारल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर नव्या पॅडातले फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा जाड नमदा) पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून खात राहते.

रचना दोन थरांची हवी. पत्र्याच्या बाजूला १० ते १२ मिमी फेल्ट आणि त्यावर, पायांच्या बाजूला, चौरस मीटरला सुमारे ५ किलो वजनाचे जड व्हायनिल, म्हणजे लवचीक प्लास्टिकची वजनदार शीट. आवाज अडतो तो वजनाने. मऊ थर त्या वजनाला पत्र्यापासून सुटे ठेवतो. चंदेरी बुडबुड्यांची शीट लोकप्रिय आहे, पण तिला वजनच नाही. शिवाय चंदेरी पृष्ठभाग उष्णता परतवतो ते समोर हवेची पोकळी असेल तरच. पत्र्याला चिकटवला की तो गुण संपला. छपरावर घालायची डांबरी शीट तर नकोच: तापली की मऊ पडते आणि गाडीभर वास येतो.

खरे कौशल्य वळणावर लागते. उभा पत्रा खाली तिरका होतो तिथे साधारण ४५ अंशांचे वळण असेल आणि फेल्ट १२ मिमी असेल, तर आतल्या बाजूचे व्हायनिल पत्र्यावरच्या मापापेक्षा ९-१० मिमी कमी लागते. कागदी साचा जसाच्या तसा कापला की वळणावर घडी पडते आणि त्याखालची सगळी भोके तेवढीच खाली सरकतात. म्हणून वळणापर्यंतचा भाग आधी बसवावा, पुढची भोके मगच कापावीत. व्हायनिलचे भोक नळीला घट्ट बसणारे हवे, कारण लहानशा फटीतूनही बराच आवाज येतो. फेल्टचे भोक मात्र ५ मिमी मोठे ठेवावे, म्हणजे नळीवरून ओघळलेले पाणी ते शोषणार नाही.

कारखान्यात हे पॅड बहुतेक वेळा हीटर आणि स्टीअरिंग कॉलमच्या आधी बसवले जाई. हीटर आणि कॉलम न काढता अखंड पॅड आत जाणे जवळपास अशक्य असते. त्याचे दोन भाग करावेत, सांधा हीटरच्या मागे घ्यावा आणि व्हायनिल ४०-५० मिमी एकावर एक यावे. दोन्ही थर एकमेकांना उष्णता सोसणाऱ्या काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्हने जोडावेत. साधा स्प्रे गम उन्हात सुटतो. पत्र्यावर मात्र पॅड मूळच्या क्लिपांनीच धरावे, पुढे कधी काढता येते.

कोणतेही फेल्ट किंवा फोम घेण्याआधी त्याची पट्टी उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवून पाहावी. ज्योत दूर केल्यावरही जळत राहिली किंवा वितळून पेटते थेंब पडले, तर तो माल गाडीत घालू नये.

शेवटची तपासणी पेडलची. इंजिन बंद ठेवून एकाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्याने बॉनेटखाली थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का आणि पाय काढताच झटक्यात मिटतो का ते पाहावे. क्लच आणि ब्रेकचेही तसेच. पॅड अडत असेल तर तेवढ्या जागेतले फेल्ट काढून नुसते व्हायनिल ठेवावे.

आपला,
जुन्या गाड्यांची डागडुजी करणारा एक वाचक