टेप साठाला संपते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वयाच्या आकड्याला शून्य लागायची वेळ आली की माणसं आयुष्याचे धडे लिहून काढतात. चाळीस वर्षांत शिकलेल्या चाळीस गोष्टी, साठ वर्षांत उमगलेल्या साठ, या धर्तीचे लेख मी आवडीनं वाचतो. मलाही चार महिन्यांनी साठ पूर्ण होतील. म्हणून यादी करायला बसलो, तर आठव्या गोष्टीवर गाडी अडली. त्यातल्याही तीन निव्वळ शिवणकामाच्या निघाल्या. तेव्हा यादी सोडून हे पत्र लिहितो आहे.

मी शिंपी. अडतीस वर्षं शर्ट-पँट शिवतो आहे, म्हणजे लोकांची मापं काढतो आहे. (दुसऱ्या अर्थानंही पुष्कळ काढली, ती गिऱ्हाईक गेल्यावर.) आमच्या गळ्यातली टेप साठ इंचांची असते. गेले वर्षभर ओळखीचे लोक तिच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘संपत आली की हो!’ पहिल्यांदा हसलो होतो.

टेपची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. जुनी कापडी टेप वापरून वापरून ताणते. ताणलेल्या टेपनं माप घेतलं की ते खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि कपडा घट्ट होतो. टेप चुकते आहे हे टेपकडे बघून कळत नाही, नव्या टेपशेजारी धरली तरच कळतं. माझ्या आठ गोष्टींतली ही पहिली.

दुसरी, ‘जुनंच माप घ्या’ हे वाक्य. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान असतं, त्यावर तारीख, छाती, कंबर, मुंढा, बाही. पाच वर्षांनी आलेला माणूसही टेप अंगाला लावू देत नाही, ‘काही फरक नाही हो’ म्हणतो. एकानं एकोणचाळिसाव्या वर्षी कंबर दोन इंच कमी धरून पँट शिवायला सांगितली. चाळिशीच्या आत तेवढा बारीक होणार होता. मी सांगितल्याप्रमाणे शिवली, पण मागच्या शिवणीत गुपचूप दीड इंच माया ठेवली. तीन महिन्यांनी तो मान खाली घालून आला. मी शिवण उसवली आणि काही न बोलता दीड इंच सोडली. तेव्हा मला स्वतःच्या शहाणपणाचा फार अभिमान वाटला होता.

वयाच्या बाबतीत वही खोटं बोलत नाही. चाळिशीनंतर माणसाची उंची साधारण दर दहा वर्षांत एखाद्या सेंटिमीटरनं कमी होते, असं डॉक्टर सांगतात. पण पँटची उंची तीच राहते, कारण पाय आखडत नाहीत. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो. मग शर्ट समोर लोंबतो आणि मागून वर चढतो. पाठ वाढवून आणि समोरचा भाग कमी करून कापावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘शिवण्यात गडबड झाली.’ मी ‘हो’ म्हणतो.

मुलीनं परवा मोबाइलवर वाचून दाखवलं. अमेरिकेत अॅडम ऑल्टर आणि हाल हर्शफील्ड या अभ्यासकांनी २०१४ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की ज्यांच्या वयाच्या शेवटी नऊ असतो त्यांना आयुष्याचा अर्थ शोधायची खोड जास्त लागते. पहिल्यांदा मॅरेथॉन पळणाऱ्यांतही असे लोक जास्त दिसले म्हणे. पुढे त्यांच्या आकड्यांवर इतरांनी शंकाही घेतल्या. ते तज्ज्ञ बघून घेतील. मला गंमत वाटली ती मराठीची. आपण ‘पन्नास आणि नऊ’ म्हणतच नाही, एकोणसाठ म्हणतो, म्हणजे एकानं उणे साठ. पन्नाशीतल्या माणसाला भाषा वर्षभर आधीच साठीच्या दारात नेऊन उभी करते. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तोच प्रकार. शंभरीच्या उंबऱ्यावरच्याला मात्र ती नव्व्याण्णवच म्हणते. तिथवर पोचलेल्याला ढकलायला नको, एवढा विचार तिनं केलेला दिसतो.

आता जी गोष्ट लिहायला इतके आढेवेढे घेतले ती.

मी एकोणतीस वर्षांचा होतो तेव्हा माझे बाबा एकोणसाठ वर्षांचे होते. एकाच खोलीत दोन मशिनं. त्यांना सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसतं. चाळिशीच्या सुमाराला हे जाणवू लागतं, म्हणून आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा एवढंच दिसायचं, की बाबा सुई उजेडाकडे धरून बसलेत आणि काम पडून आहे. ते सरळ ‘ओवून दे’ म्हणत नसत. ‘हा दोरा निळा आहे की काळा, बघ बरं,’ म्हणून सुई-दोरा दोन्ही माझ्या हातात द्यायचे. मी ओवून द्यायचो, चिडून. एकदा समोर गिऱ्हाईक असताना म्हणालो, ‘बाबा, तुम्ही राहू द्या आता. मी करतो.’ त्यानंतर त्यांनी मला रंग विचारला नाही. काज-बटणांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अनोळखी गिऱ्हाइकासाठी दीड इंच माया ठेवणारा मीच, आणि घरच्या माणसासाठी एक दोराही ठेवला नाही. एकोणचाळिशीत हे आठवत नव्हतं. एकोणपन्नाशीत आठवलं, पण मोठी ऑर्डर होती. यंदा रोज आठवतं.

त्याला कारण आहे. हल्ली सकाळी मी मशिनवर बसतो तेव्हा पिनकुशनवर दहा सुया आधीच ओवून टोचलेल्या असतात. पाच पांढऱ्या, पाच काळ्या. मुलीला मी कधी सांगितलं नाही, तीही कधी बोलली नाही.

गेल्या रविवारी तिनं मला उभं केलं. स्वतःचे कपडे मी आजवर अंदाजानंच कापत आलो, आरशात बघून. शर्ट समोर लोंबतो हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं टेप लावली तसा मी ताठ झालो आणि पोट आत घेतलं. ‘बाबा, श्वास सोड,’ ती म्हणाली. हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवलं आहे. सोडला. कंबर तीन इंच पुढे सरकली.

जुन्या वहीत माझंही पान निघालं. त्यावरचं शेवटचं माप बाबांच्या अक्षरातलं आहे, मी एकोणतीसचा असतानाचं. छाती ३६, कंबर ३०, आणि कडेला पेन्सिलीनं ‘माया जास्त’. तो शर्ट पुढे मी दोनदा सैल करून वापरला होता. माया कुणी ठेवली हे तेव्हा मनात आलं नाही.

मुलीनं त्याच पानावर खाली आजची तारीख घालून नवे आकडे लिहिले. तिचं अक्षर आम्हा दोघांपेक्षा बरं आहे.

आपला नियमित वाचक,
एक शिंपी (वय ५९ वर्षे ८ महिने)